वाचक विचारतात : कागद नव्हता तेव्हा लिहायचे कशावर?

मागच्या अंकात एका वाचकाला मी चार ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो, की कागदाचं श्रेय चीनच्या त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याला देतात, इसवी सन १०५ च्या सुमाराला त्याने तुतीची साल, वाख, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून त्याच्या लगद्याचा कागद केला, आणि खरं तर त्याहूनही जुने कागदाचे तुकडे चीनमधे सापडलेत. मला वाटलं विषय संपला. पण नाही, महिनाभर पत्रं आणि ईमेल येतायत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मग त्याआधी काय? तर या वेळी बाकीचे प्रश्न (मूळव्याध, सोलर वॉटर हीटर आणि कढीपत्त्यावरची कीड) पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. तिला शाळेतून प्रोजेक्ट दिलाय, "कागदापूर्वीची लेखनसाधने". नेटवर नुसती यादी मिळते, दगड, माती, पानं, कातडं, धातू. चित्रं चिकटवून होतंय पण तिला प्रश्न पडलाय की सामान्य माणूस पण दगडावरच लिहायचा का, म्हणजे वाण्याची यादी पण? मला उत्तर देता आलं नाही.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मुलीला शंभर पैकी शंभर द्या, कारण प्रश्न तोच आहे. दगडावर कोणी वाण्याची यादी लिहीत नव्हतं. पण आपल्याला आज दगडच जास्त दिसतो कारण तो उरला, बाकीचं सडलं, जळलं, वाळवीने खाल्लं. त्यामुळे म्युझियममधे गेल्यावर वाटतं की जुनी माणसं सारखी छिन्नी हातोडा घेऊनच बसलेली असायची.

ज्याच्या अंगणात जे फुकट मिळायचं त्यावर तो लिहायचा, इतकं सोपं आहे हे. इराकमधे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लाकूड कमी आणि दगड त्याहून कमी, पण दोन नद्यांचा गाळ पाहिजे तेवढा. मग त्यांनी मातीच घेतली. ओल्या मातीची वडी थापायची, साबणाच्या वडीएवढी समजा, आणि बोरूसारख्या वेताच्या काडीचं टोक तिच्यात दाबायचं. दाबायचं बरं का, ओढायचं नाही, कारण ओल्या मातीत रेघ ओढली की कडेला माती साचते आणि अक्षर बिघडतं, हातावर चिखल घेऊन करून बघा, लगेच कळेल. म्हणून त्यांची लिपी सगळी खिळ्यांच्या टोकांसारखी दिसते आणि आपण तिला कीलाक्षर लिपी म्हणतो. मग वडी उन्हात वाळवायची की झालं. पाच हजार वर्षांपूर्वीपासून हे चालू होतं, आणि त्यात मुख्यतः काय लिहिलंय तर हिशोब, किती बार्ली आली, किती मेंढ्या गेल्या, कोणाला किती बियर दिली. म्हणजे वाण्याचीच यादी!

मुलीला एक गंमत नक्की सांगा. ऊर शहरात सापडलेली साधारण इ.स.पू. १७५० ची एक वडी ब्रिटिश म्युझियममधे आहे, तिच्यात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला झापलंय, की तू चांगला माल देतो म्हणालास आणि भलताच माल माझ्या माणसापुढे टाकलास, घ्यायचा तर घे नाहीतर चालता हो म्हणालास, मला काय समजलास. पावणेचार हजार वर्षांपूर्वीची कस्टमर कंप्लेंट. आणि त्याच घरात अशा आणखी तक्रारी मिळाल्या म्हणे, म्हणजे शेठजींचं ते नेहमीचंच असणार.

मातीचं आणखी एक, आग लागली की पुस्तकं जातात पण मातीच्या वड्या भाजून पक्क्या होतात. असुरबनिपाल राजाचं निनवे शहर इ.स.पू. ६१२ मधे शत्रूंनी जाळलं, आणि त्याच्या ग्रंथालयातल्या वड्या नि त्यांचे तुकडे मिळून तीस हजारांच्या वर आज लंडनला आहेत. शत्रूने भट्टी लावून दिली असंच म्हणायचं.

आता तुम्ही नाशिकच्या आहात तर प्रोजेक्टसाठी नेटवर कशाला जाता, रविवारी मुलीला घेऊन पांडवलेण्यावर जा. तिथे १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. लेखात काय आहे, तर चक्क फिक्स्ड डिपॉझिट. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (म्हणजे धंद्याच्या संघांकडे) ठेवले, २००० महिना एक टक्क्याने आणि १००० महिना पाऊण टक्क्याने, आणि मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज किती झालं? २४०. आणि लेण्यात पावसाळ्याला राहणारे भिक्खू २०, प्रत्येकाला चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १२. वीस बारे दोनशे चाळीस! गणिताच्या बाई पण खूष होतील.

पण मी हे सांगतोय ते लेखातल्या एका वाक्यासाठी. त्यात म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर, म्हणजे नोंदीच्या पाट्यांवर, नोंदवलं. खरी फाइल ती होती, आणि अशा पाट्या लाकडी असायच्या. दगडावरचा लेख म्हणजे बाहेर लावलेला बोर्ड. त्या पाट्यांची आता ढलपी पण उरली नाही आणि बोर्ड मात्र तसाच आहे.

प्रश्न : आमच्याकडे दारात माड आहेत, ताड पण आहेत थोडे. ताडपत्र म्हणजे झावळीचंच पान का? मी माडाच्या पातीवर बॉलपेनने लिहून बघितलं, काही जमलं नाही, चार दिवसात सुरळी झाली.
– एक बागायतदार, वेंगुर्ला

उत्तर : दादा, प्रयोग केलात हेच भारी, पण झाड चुकलं. माडाची पात अरुंद असते आणि वाळली की आत वळते. लिहायला दोन झाडं वापरायचे, एक साधा ताड आणि दुसरा श्रीताड. श्रीताडाचं पान छत्रीएवढं नाही, मांडवाएवढं म्हणा, त्याची पाती रुंद आणि पातळ आणि लवचिक. साध्या ताडाची पाती जाड आणि जरा कडक. दक्षिणेत आणि श्रीलंकेत चांगल्या पोथीला श्रीताडच.

आणि नुसतं पान तोडून चालत नाही. कोवळं पण नाही आणि जून पण नाही असं पान घ्यायचं, मधली शीर काढून टाकायची, पट्ट्या कापायच्या, पाण्यात उकळायच्या (काही ठिकाणी पाण्यात हळद घालतात, किडीसाठी), सावलीत वाळवायच्या, दाबाखाली सपाट करायच्या आणि मग शंखाने नाहीतर गुळगुळीत दगडाने घोटायच्या. तुमची पात सुरळी झाली कारण हे काहीच केलं नव्हतं.

लिहायच्या दोन तऱ्हा होत्या. उत्तरेत आणि गुजरात-राजस्थानात शाई आणि लेखणी, जसं आपण लिहितो तसं. दक्षिणेत आणि ओडिशात मात्र लोखंडी काट्याने पान कोरायचं. कोरल्यावर अक्षर दिसतच नाही! मग काजळी तेलात कालवून वर फासायची आणि फडक्याने पुसायची, काजळी चरात राहते आणि अक्षर एकदम उठून दिसतं.

हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगतो. पुरीजवळ रघुराजपूर नावाचं गाव आहे, चित्रकारांचं, तिथे अजूनही ताडपत्रावर कोरून चित्रं काढतात. एका कारागिराने माझ्या हातात पट्टी आणि काटा दिला आणि म्हणाला तुमचं नाव लिहा. मी आपला मराठी माणूस, अक्षरं कोरली आणि सवयीने वर एक लांबलचक शिरोरेषा ओढली. टर्र! पान तिथल्या तिथे उभं फाटलं, कारण पानाच्या शिरा लांबीच्या दिशेने जातात आणि माझी रेघ नेमकी शिरेवरून गेली. तो हसला, बायको हसली, शेजारचं पोरगं पण हसलं. मग त्याने त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर माझंच नाव ओडियात कोरून दिलं, वर शिरोरेषेच्या जागी गोल टोप्या, काट्याचं टोक कुठेही शिरेच्या बाजूने लांब गेलं नाही. आणि त्याचा उजवा हात जवळजवळ हलतच नव्हता, डाव्या हाताने तो पानच सरकवत होता आणि डाव्या अंगठ्याने काट्याला रेटा देत होता.

ओडिया, कन्नड, तेलुगु, मल्याळम या लिप्या गोल गोल का झाल्या याचं हे कारण नेहमी सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पूर्ण पटत नाही, ते म्हणतात वळणं इतर कारणांनी पण बदलतात. मला विचाराल तर माझं फाटलेलं पान त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार आहे.

मग पट्ट्यांना एक किंवा दोन भोकं पाडायची, त्यातून दोरी ओवायची, खाली वर लाकडी फळ्या आणि गाठ मारायची. ती गाठ म्हणजे ग्रंथी, आणि गाठ मारून बांधलेलं ते ग्रंथ. पुस्तकातल्या कागदाला आपण अजून "पान"च म्हणतो, आणि पत्र म्हणजे पण पानच. पोस्टमन पत्र आणतो तेव्हा तो अक्षरशः पान आणत असतो, आता आणत नाही म्हणा, आता नुसती बँकेची पाकिटं.

तुमच्याकडच्या हवेत मात्र ताडपत्राचं काही खरं नाही. पावसाळी दमट हवेत बुरशी आणि कसर. म्हणून दक्षिणेत दर दोनतीन पिढ्यांनी पोथी नवीन पानांवर उतरवून काढायचे आणि जुनी नदीत सोडायचे. जैसलमेर आणि गुजरातेतल्या पाटणच्या जैन भांडारात हजारेक वर्षांपूर्वीची ताडपत्रं टिकली ती कोरड्या हवेमुळे आणि त्या लोकांच्या काळजीमुळे. आणि दक्षिणेत एखादी पोथी कोणी उतरवून घ्यायची राहिली की तो ग्रंथच गेला. कौटिल्याचं अर्थशास्त्र असंच गेल्यात जमा होतं, लोकांना नाव माहीत होतं पण ग्रंथ कोणी पाहिलेला नव्हता, मग तंजावर भागातल्या एका पंडिताने म्हैसूरच्या ग्रंथालयात ताडपत्रांचा गठ्ठा आणून दिला, तिथले आर. शामशास्त्री यांनी तो उघडला तर आत अर्थशास्त्र! १९०९ मधे त्यांनी ते छापलं. एक गठ्ठा इकडचा तिकडे झाला असता तर चाणक्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर येतात ती वाक्यं तेवढी राहिली असती आपल्याकडे (त्यातली बरीच त्याची नाहीतच).

प्रश्न : मागच्या वर्षी कैरोला गेलो होतो तेव्हा एका दुकानातून पपायरसचं पेंटिंग घेतलं, सर्टिफिकेट सकट. इथे फ्रेमवाल्याने सांगितलं की हे केळीच्या पानाचं आहे. खरं कसं ओळखायचं? आणि कातड्यावर पण लिहायचे ना? आपल्याकडे का नाही?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सर्टिफिकेट पण केळीच्या पानावर होतं का? चेष्टा जाऊ द्या, खूप जण फसतात. उजेडासमोर धरा. खऱ्या पपायरसमधे उभ्या आणि आडव्या पट्ट्यांची जाळी स्पष्ट दिसते, प्रत्येक पट्टी थोडी वेगळी, कुठे गडद कुठे फिकी. नकलीत एकतर जाळी नसते किंवा छापल्यासारखी एकसारखी असते. आणि खरा पपायरस हळूच वळवला तर वळतो, नकली कडकड मोडतो. तुमचा फ्रेममधे गेला असेल तर मोडून बघू नका, भिंतीवर छान दिसतोय ना, राहू द्या.

पपायरस म्हणजे नाईलच्या पाणथळ जागेत उगवणारं लव्हाळ्याच्या जातीचं झाड, माणसाहून उंच, देठ तिधारी. वरची हिरवी साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गराच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, एक थर उभा लावायचा, त्यावर एक आडवा, आणि ठोकून दाबून ठेवायचा. त्याचाच चीक त्याला धरून ठेवतो. वाळला की शिंपल्याने घोटायचा, असे तुकडे एकापुढे एक चिकटवून गुंडाळी करायची. अजून पुस्तकाला पानं नाहीत, उलगडत जायचं, आपल्या जन्मपत्रिकेची गुंडाळी असायची ना तसं.

२०१३ मधे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांना तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले, लिहिलेल्या पपायरसमधे आजवर मिळालेले सगळ्यात जुने, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची डायरी आहे, तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, गिझाला नेले, आज इथे मुक्काम, उद्या तिथे. म्हणजे खुफूच्या मोठ्या पिरॅमिडचं लॉगबुक. पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले म्हणणारा तुमचा एखादा मित्र असेलच, त्याला मेरेरचा पत्ता द्या. वाळवंटात होतं म्हणून राहिलं हो, नाईलच्या मुखाजवळच्या ओल्या भागात तर पपायरसचं फारसं काहीच उरलं नाही.

कातड्याचं म्हणाल तर मेंढी, बकरी, वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवायचं. कमावत नाहीत, ताणतात, चपलेच्या चामड्यात आणि ह्यात हाच फरक. इजिप्तच्या राजाने पपायरस पाठवणं बंद केलं म्हणून पर्गामम शहराने हे शोधलं अशी गोष्ट प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलीय, कातड्यावर लिहिणं त्याच्याही आधीपासून होतं, पण पार्चमेंट हे नाव मात्र त्या शहरावरूनच पडलं. चिवट प्रकार, दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, घडी घालून शिवता येतं. पण महाग, एका मोठ्या ग्रंथाला अख्खा कळप जायचा. मग जुनं खरवडून परत वापरायचे. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकात केलेली एक नक्कल होती, ती १२२९ मधे कोणीतरी पुसून, पानं आडवी करून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या. १९९८ मधे ते पुस्तक लिलावात वीस लाख डॉलरला गेलं आणि मग वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून, एक्सरे मारून प्रार्थनेखालचा आर्किमिडीज वाचला. त्या साधूला शिव्या द्याव्यात की आभार मानावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण प्रार्थनेचं पुस्तक झालं म्हणूनच ते मठात जपलं गेलं.

आपल्याकडे का नाही, तर एक म्हणजे विटाळ, वेद आणि गाईचं कातडं एकत्र कोण आणणार. दुसरं, गरजच नव्हती, झाडावरून पान फुकट मिळतंय. भारतात येऊन गेलेला विद्वान अल-बिरुनी १०३० च्या सुमाराला लिहितो की हिंदू लोक ग्रीकांसारखे कातड्यावर लिहीत नाहीत, आणि तिथेच सॉक्रेटिसची एक गोष्ट सांगतो, त्याला विचारलं तू पुस्तकं का लिहीत नाहीस, तर म्हणाला माणसाच्या जिवंत हृदयातलं ज्ञान मी मेंढीच्या मेलेल्या कातड्यावर कशाला नेऊ.

प्रश्न : भूर्जपत्र आणि ताडपत्र एकच का? मांत्रिक लोक ताईतात भूर्जपत्र घालतात ते खरं असतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एकच नाही. ताड दक्षिणेचा आणि किनाऱ्याचा, भूर्ज हिमालयातला. भूर्जाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते, पातळ, तांबूस, आणि तिच्यावर शाईने लिहायचं. अल-बिरुनीने हाच फरक नोंदवलाय, दक्षिणेत ताड आणि उत्तरेत साल, हातभर लांब तुकडा घेऊन तेल लावून घोटतात म्हणून. कालिदासाकडे तर हिमालयातल्या विद्याधरी भूर्जावर गेरूसारख्या धातुरसाने प्रेमपत्रं लिहितात, उर्वशीचं भूर्जपत्र वाऱ्याने उडून नको तिच्या हाती लागतं (महाराणीच्या!), आणि शकुंतलेला तेवढंही मिळत नाही म्हणून ती कमळाच्या पानावर नखाने लिहिते. हे मला फार आवडतं, ज्याला जे सापडेल ते.

१८८१ मधे पेशावरजवळच्या बख्शाली गावात शेतात खणताना गणिताची एक भूर्जपत्रावरची पोथी सापडली, ७० पानं उरलीत, ऑक्सफर्डला आहे, तिच्यात शून्याच्या जागी टिंब आहे. काळावरून भांडणं चालू आहेत. आणि अफगाणिस्तान-पाकिस्तान भागातून आलेल्या, गांधारी भाषेतल्या बौद्ध ग्रंथांच्या भूर्जाच्या गुंडाळ्या मातीच्या मडक्यात पुरलेल्या मिळाल्या, पहिल्या शतकातल्या, ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मडक्यात नसत्या तर राहिल्या नसत्या.

भूर्ज रशियात पण. नोव्हगोरोड शहरात १९५१ पासून चिखलातून भूर्जाच्या सालीवरची हजाराहून जास्त पत्रं निघाली, शाई नाही, टोकदार सळईने ओरखडलेली. कर्जाची, लग्नाची, भांडणाची. त्यात ओनफिम नावाच्या सहासात वर्षांच्या मुलाच्या तेराव्या शतकातल्या वह्या आहेत, म्हणजे सालीचे तुकडेच. दोन ओळी अक्षरं गिरवलीत, मग कंटाळा आला, मग घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा स्वतःच काढलाय, शेजारी नाव पण लिहिलंय. दुसऱ्या तुकड्यावर एक विचित्र प्राणी आणि लिहिलंय "मी जंगली प्राणी आहे". माणसांच्या हाताला बोटं कुठे तीन कुठे पाच, जशी जमली तशी.

चिखलात हवा जात नाही म्हणून सडत नाही, एवढंच त्यामागचं कारण. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा इथल्या रोमन छावणीत १९७३ पासून असंच झालं, पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली १९०० वर्षांपूर्वीची पत्रं. एका सैनिकाला कोणीतरी मोजे आणि दोन चड्ड्या पाठवल्यात. आणि क्लाउडिया सेवेरा नावाची बाई मैत्रिणीला ११ सप्टेंबरला वाढदिवसाला ये म्हणून बोलावते, पत्र कारकुनाने लिहिलंय पण खाली काही ओळी तिने स्वतः वेड्यावाकड्या अक्षरात लिहिल्यात, "मी वाट बघते ताई".

ताईताचं म्हणाल तर पूजेच्या दुकानात भूर्जपत्र म्हणून मिळतं ते कधी खरं असतं कधी नसतं, पण ते झाड हिमालयात आता कमी होत चाललंय, त्यामुळे नसलं तर बरंच.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याचा पाया खणताना तांब्याचे तीन पत्रे निघाले, कडीत ओवलेले, वर काहीतरी कोरलंय. भाऊ म्हणतो घासून बघू, चुलत भाऊ म्हणतो गिऱ्हाईक आहे. काय करावं?
– नाव छापू नये

उत्तर : नाव छापत नाही, पण आधी भावाच्या हातातली चिंच काढून घ्या! घासलं की हिरव्या थराबरोबर अक्षराची कड पण जाते, आणि मग कोणाच्या बापाला वाचता येणार नाही. पाण्याने पण धुऊ नका. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

आणि विकायचं तर मुळीच नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते, कायदा १८७८ चा आहे पण चालू आहे. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू विकायचा धंदा लायसनशिवाय करणं आणि ती देशाबाहेर नेणं हे दोन्ही गुन्हे आहेत. चुलत भावाच्या गिऱ्हाइकाला हे सांगा, बघा कसा पळतो.

कडीत ओवलेले पत्रे म्हणजे बहुतेक ताम्रपट, दानपत्र. राजा कोणाला गाव किंवा जमीन द्यायचा तेव्हा ती वंशपरंपरा टिकावी म्हणून तांब्यावर करून द्यायचा, आजच्या भाषेत सातबारा आणि खरेदीखत एकत्र. आधी कारकून शाईने मजकूर लिहायचा, मग सोनार नाहीतर तांबट तो छिन्नीने कोरायचा, पत्र्यांच्या कडा थोड्या उचललेल्या असतात, एकमेकांवर घासून अक्षर जाऊ नये म्हणून. कडीच्या जोडावर राजाची मुद्रा असते, शिलाहारांची असेल तर गरुड दिसेल, बघा बरं. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, तिचा पाचव्या शतकातला ताम्रपट पुण्यात मिळाला म्हणून पुणे ताम्रपटच म्हणतात, दिलाय मात्र नंदिवर्धनहून, म्हणजे नागपूरकडून. वाकाटकांच्या बऱ्याच ताम्रपटांच्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते.

आणि तांब्यावर आहे म्हणजे खरंच असेल असं धरू नका. सम्राट हर्षाच्या मधुबन ताम्रपटात लिहिलंय की हे गाव एक जण कूटशासनावर, म्हणजे बनावट सनदेवर खात होता, म्हणून ती सनद मोडून गाव दुसऱ्यांना दिलं. सातव्या शतकात बोगस सातबारा!

प्रश्न : माझे आजोबा म्हणायचे "आम्ही धुळाक्षरं गिरवली". आम्हाला वाटायचं बोलायची पद्धत आहे. खरंच धुळीत लिहायचे का?
– एक आजोबा (आता मीच), वाई

उत्तर : खरंच. लाकडी पाटीवर बारीक माती नाहीतर विटेचा भुगा पसरायचा, पंतोजी काडीने अक्षर काढून देणार, पोराने त्यावरून बोट नाहीतर काडी फिरवायची, पाटी हलवली की पुसलं, पुन्हा सुरू. ती धूळपाटी. गणित पण तसंच, म्हणून जुन्या गणितज्ञांनी अंकगणिताला पाटीगणित म्हटलंय, आणि धूलिकर्म असंही एक नाव आहे. आकडे काढायचे, उत्तर आलं की बोटाने पुसायचे, मधल्या पायऱ्या कुठेच राहत नाहीत (मी परीक्षेत असंच केलं तर मार्क कापले होते). कर्नाटकात दुकानदार कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळं करायचे आणि त्यावर पांढऱ्या खडूने हिशोब लिहायचे, त्याला कडत म्हणत, ते पण पुसायचंच.

पुढे दगडी पाटी आली ती तुम्ही आणि मी दोघांनी वापरलीय. लाकडी चौकट, एक कोपरा फुटका, डबीत ओल्या फडक्याचा तुकडा आणि तो वाळला की थुंकी. पेन्सिल अर्धी लिहायला, अर्धी खायला. दसऱ्याला पाटी धुऊन तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आणि झेंडूचं फूल ठेवायचं, ती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसायची नाही असा आईचा हुकूम असायचा. तुमच्या आजोबांच्या धूळपाटीवर सरस्वती कशी काढायचे, हलली की गेली, हे त्यांनी कधी सांगितलं असेल तर मला जरूर कळवा.